हाकेला पोचणारं नाव

सोळाव्या वर्षी मी आत्या झाले. यवतमाळच्या दवाखान्यातून कपिलदादाचा फोन आला की मुलगी झाली. घरात सगळे पेढ्यांचं बोलायला लागले आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली, की नाव मी ठेवणार. बाळाचं नाव आत्या ठेवते. दादाला बहीण एकच, ती मी. यात कोणाला काही विचारायचं राहतच नव्हतं.

पण आमच्या घराण्यात नावांचं खातं चाळीस वर्षांपासून विमल आत्याकडे आहे. विमल आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, राहणार मारेगाव. तिने आजवर एकोणीस लेकरांची नावं ठेवली आहेत. सख्ख्या भावांची लेकरं आली तेवढं ठीक, पण त्यात चुलत आहेत, मावस आहेत, आणि एकदा एसटीत शेजारी बसलेल्या बाईचंही बाळ आहे. माझं सलोनी हे नावही तिचंच. बाबांनी तिला फोन करून बातमी सांगितली तर म्हणाली, मी नाव घेऊन येते. जसं कोणी दही घेऊन येते म्हणावं तसं.

मी बाबांच्या हातातून फोन घेतला आणि तिला सांगितलं की या खेपेची आत्या मी आहे.

ती हसली. "काल-परवा तं फ्रॉक घालत होती तू. नाव ठेवणं म्हणजे भाषण आहे काय, सलू?"

हे मला लागलं. कारण ऑगस्टमध्येच मी बाभुळगावला तालुकास्तरीय वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले होते. त्याच्या आधी मी हजेरीला 'उपस्थित' म्हणायचे तेही फक्त माझ्या बाकाला ऐकू जायचं. सरांनी मला दोनदा गैरहजर लावलं होतं, मी समोर बसलेली असताना. आणि मग त्या स्टेजवर काय झालं माहीत नाही, पोटातून आवाज निघाला तो मांडवाच्या बाहेर उसाचा रस काढणाऱ्यानेही चरक थांबवून ऐकला. तेव्हापासून मी घरात, दारात, गल्लीत बोलतच होते. आणि आता पहिल्यांदा काहीतरी खरंच माझं होतं, तर तेही ही मारेगाववरून येऊन उचलून नेणार.

बाबा, म्हणजे बबनराव, भांडण आवडत नसलेला माणूस. त्यांनी तोडगा काढला. वहिनी दीड महिना माहेरी पुसदला राहणार, मग इकडे येणार आणि बारसं इथेच होणार. तोपर्यंत सलोनीने सुरभीला पटेल असं नाव काढलं तर तिचं. नाही निघालं तर ताईचं. आणि एकदा का विमल आत्याला एक नाव दिलं की पुढची वीस तिचीच, हे मला पक्कं माहीत होतं.

सुरभी वहिनीची अट एकच होती. नाव असं पाहिजे की तालुक्यात दुसऱ्या कोणाचं नसावं. कारण तिच्या कॉलेजात एका वर्गात पाच सुरभी होत्या. ओळखायला म्हणून हिला सुरभी एम म्हणायचे, मग नुसतं एम. अजूनही तिच्या मैत्रिणी आमच्या घरी फोन करून विचारतात, "एम आहे का?" वहिनी म्हणाली, माझ्या लेकीचं एक अक्षर होऊ नये एवढं पहा.

मग मी कामाला लागले. अंगणवाडीच्या ताईंकडून यादी घेतली. जिल्हा परिषद शाळेचा हजेरीपट पाहिला. आमच्या छोट्याशा गावात चार आरोही, तीन आराध्या आणि दोन अनन्या निघाल्या, त्यातल्या दोघी तर एकाच घरात, चुलत बहिणी. हे सगळं कटलं. इंटरनेटवर एका नावाचा अर्थ 'पहाटेची देवी' दिला होता आणि दुसऱ्या ठिकाणी त्याच नावाचा अर्थ 'दगडी पूल' होता, तेही कटलं.

स्पेलिंगचं भूत वेगळंच होतं. वहिनीचा भाऊ राजदीप पुसदला क्लासेस चालवतो आणि अंकशास्त्र पाहतो. त्याने ग्रुप काढला आणि पहिल्याच दिवशी लिहिलं की नाव कोणतंही चालेल, अक्षरं अकरा पाहिजेत. मी विचारलं, मीरा ठेवलं तर? तो म्हणाला, बसवू. आणि खरंच बसवून पाठवलं, त्यात पाच ई होते.

मी हे माझ्या वर्गातल्या कहकशांला दाखवलं. ती गंभीर झाली. कहकशांचे वडील शकीलचाचा ट्रॅक्टर दुरुस्त करतात, आणि तिच्या नावाचं स्पेलिंग आधारवर एक आहे, शाळेत दुसरं, बँकेत तिसरं आणि दहावीच्या मार्कशीटवर चौथं. ती म्हणाली, "सलोनी, मेरी सुन. स्पेलिंग ऐसी रख के जेवायला उशीर झालेल्या माणसाला बी टाईप करता आली पाहिजे." हे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

आता माझी स्वतःची पद्धत सांगते, कारण सगळा घोळ तिथेच झाला.

माझं म्हणणं असं की गावात नाव म्हणजे आधी हाक. कागदावर ते वर्षातून चारदा लागतं, आणि हाकेला दिवसातून तीस वेळा. मग जे नाव स्लॅबवरून विहिरीपर्यंत पोचत नाही ते काय कामाचं? म्हणून रोज संध्याकाळी शाळेतून आले की मी स्लॅबवर चढायचे आणि नावं ओरडायचे. आई विहिरीजवळ असायची, तिला सांगून ठेवलं होतं की ऐकू आलं तर हात वर कर. ऋत्वी शेजारच्या टिनाच्या छपरावरच आपटून मेलं. अन्विशा विहिरीपर्यंत गेलं पण आईला वाटलं मी शिंकले. काही नावांना आई हात वर करायची, काहींना कमरेवर ठेवायची, त्याचा अर्थ स्वयंपाकाचं पाहा असा होता.

मग झंकृती सापडलं. माझ्या त्या जिंकलेल्या भाषणात 'मनाच्या तारा झंकृत होतात' असं वाक्य होतं आणि त्या वाक्याला परीक्षकांनी मान वर करून पाहिलं होतं. मी स्लॅबवरून हाक दिली, "झंकृतीऽऽ." ती विहिरीवरून गेली, तुरीच्या वावरावरून गेली आणि पलीकडच्या बाभळीवरचे बगळे उडाले. आईने दोन्ही हात वर केले.

वहिनीला फोनवर सांगितलं. ती दोन मिनिटं नुसती ते नाव म्हणत राहिली, मग म्हणाली, हेच. राजदीपने तासाभरात अकरा अक्षरं बसवली: झेड, एच, ए, एन, के, आर, यू, टी, पुन्हा एच, आणि शेवटी दोन आय. माझं आणि त्याचं त्या शेवटच्या एच आणि आय वरून तीन आठवडे चाललं. नाव बारशाआधी कोणाला सांगायचं नसतं, म्हणून ते वहिनी, दादा, राजदीप आणि मी, चौघांतच राहिलं.

पण मला सवय मोडवेना. आणि कोणाला शंका येऊ नये म्हणून मी रोज दहाबारा फालतू नावं ओरडून शेवटी झंकृती घ्यायचे. डिसेंबर होता, घरात रोज तुरीच्या शेंगा उकडलेल्या असायच्या. शेवटची हाक दिली की मी बक्षीस म्हणून कठड्यावर बसून शेंगा खायचे आणि टरफलं खाली टाकायचे. खाली आमच्या कुंपणाला लागून भीमसिंगकाकांचं घर आहे. त्यांच्या चार बकऱ्या. त्यातली पांढरी रोज टरफलं खायला यायची. मला बरं वाटायचं, कोणीतरी आहे म्हणून.

बारशाच्या आदल्या दिवशी भीमसिंगकाका दारात आले. हातात टोपी. मला बाजूला बोलावलं आणि म्हणाले, "छोरी, राग नको मानू. आमची धोळी, ते पांढरी बकरी, आता धोळी म्हटलं तं पाहातबी नाही. तू काय नाव ठेवलं तिचं, झंकरती, तेच म्हणा लागते. घरी सगळे तेच म्हणून राह्यले. काल दूध काढाले बसलो तं तिनं तुह्या स्लॅबकडं तोंड करूनच दूध देल्लं."

मी विचारलं, हे आणखी कोणाला माहीत आहे का?

"कोणाले नाही," काका म्हणाले. "आमच्या आळीत तेवढं."

म्हणजे तीस घरं.

मी त्यांना हात जोडून सांगितलं की उद्या तिला घट्ट बांधून ठेवा. ते म्हणाले ठेवतो, त्यात काय. मग संध्याकाळी मी स्लॅबवर टरफलांची टोपली घेऊन बसले आणि धोळी, धोळी म्हणत एकेक खाली टाकलं. बकरीने माझ्याकडे असं पाहिलं जसं मी चुकीच्या वर्गात शिकवायला आलेली मास्तरीण आहे. टरफलं मात्र सगळी खाल्ली.

थोड्या वेळाने विमल आत्या रिक्षातून उतरली. पिशवी ठेवायच्या आधी ती म्हणाली की गल्लीत कोणीतरी बकरीला झंकृती म्हणून हाकलत होतं, काय लोकं आहेत, बकरीला एवढं भारी नाव. आणि स्वतःशीच हसत आत गेली. वहिनी आत बाळाला दूध पाजत होती, तिने ऐकलं नाही. मी सांगायला पाहिजे होतं. दोनदा दारापर्यंत गेलेसुद्धा. पण वहिनी नवीन टोपड्याकडे बघत हळूच नाव म्हणून पाहत होती, झंकृती, झंकृती, आणि मी परत आले. मी ठरवलं, उद्या नाव इतकं हळू सांगायचं की पाळण्याच्या बाहेर जाणारच नाही. मग काय होते?

बारशाला अंगणात पंचवीस-तीस बाया. राजदीप पुसदवरून एक मोठी पाटी घेऊन आला होता, तिच्यावर झेंडूच्या फुलांनी अकरा अक्षरं काढलेली आणि वरून ओढणी झाकलेली. नाव जाहीर झालं की ओढणी ओढायची. पाळण्याला फुगे. घुगऱ्यांचं पातेलं. भीमसिंगकाका आणि काकू ओट्याजवळ उभे, काकांनी मला मानेनं खूण केली, बांधली म्हणून.

बाळाला पाळण्याखालून-वरून फिरवून झालं. मी वाकले, ओठ बाळाच्या कानाला लावले आणि सांगितलं. बाया मागून पाठीत धपाटे घालत होत्या, ते घालायचेच असतात, पण विमल आत्याचा हात ओळखू येत होता. कुर्रर्र झालं. बाळाने डोळे मिचकावले. झालं, मी मनात म्हटलं, सुटले.

"अवं पण काय ठेवलं?" एक बाई म्हणाली.

मी पुटपुटले. ऐकू नाही आलं, दुसरी म्हणाली. मी थोडं मोठ्यानं पुटपुटले.

विमल आत्या खुर्चीवर टेकून बसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "राहू द्या वं. लहान आहे ते. आमच्या वेळेले नाव सांगितलं तं वेशीवर ऐकू जाये. आवाज असा लागते की—"

बस. यापुढे मी जबाबदार नाही. मी सरळ उभी राहिले, पोटात श्वास भरला आणि तालुक्यात पहिल्या आलेल्या आवाजात सांगितलं, "झंकृतीऽऽ."

राजदीपने ओढणी ओढली. टाळ्या झाल्या. वहिनी हसत होती, डोळ्यांत पाणी होतं. आणि कुंपणाच्या पलीकडे काहीतरी तुटल्याचा आवाज आला.

ती अंगणात आली तेव्हा तिच्या गळ्यात अर्धं दावं होतं. बाया बाजूला झाल्या, कारण ती ज्या विश्वासाने चालत होती त्याच्यापुढे बाजूला व्हावंच लागतं. ती थेट माझ्यापुढे येऊन उभी राहिली, वर पाहिलं, टरफलं कुठे आहेत ते विचारलं, आणि काही नाही म्हटल्यावर पाटीकडे वळून झेंडूचा शेवटचा आय खायला लागली.

तरी वाचलं असतं. बकऱ्या येतात. पण भीमसिंगकाका घाबरून धावत आले आणि सवयीनं जे तोंडात आलं तेच म्हणाले, "ए झंकरती, हट तिथून."

अंगणात नुसता झेंडू खाल्ल्याचा आवाज.

वहिनीने काकांकडे पाहिलं, मग बकरीकडे, मग माझ्याकडे. दादाने कपाळाला हात लावला. विमल आत्या खुर्चीवरून सावकाश उठली. ती ओरडली असती तर परवडलं असतं, पण ती एकदम मायेनं बोलली, "असू दे, सुरभी. अजून काही बिघडलं नाही. बकरीचं नाव लेकीले कोणी ठेवत असते काय? माह्याजवळ एक आहे, घेऊनच आली मी. सलू, सरक जराशी."

आणि मी सरकलेच होते. एक पाऊल. ते पाऊल मागे टाकल्यावर मला दिसलं की वहिनीने पाळण्याची दोरी घट्ट धरली आहे आणि ती काही बोलू शकत नाहीये, कारण सासरच्या अंगणात तीस बाया आहेत. बोलू शकत होते ती मीच.

मी पुढे आले आणि सगळं सांगितलं. स्लॅब, शेंगा, टरफलं, काल काका आले ते, मी लपवलं ते. वहिनीची माफी मागितली. मग आत्याकडे वळले. "पण बकरीचं नाव लेकीले नाही ठेवलं मी. लेकीचं नाव बकरीनं घेतलं. आणि बकरीच्या कानात कोणी सांगितलं होतं? कोणी कुर्र केलं? तिच्यापायी कोणाच्या पाठीत एक तरी धपाटा बसला काय? हे पहा," म्हणून मी पाठ फिरवली, "माह्या पाठीत आताच बसले. त्यातले चार तुमचे होते."

मागून कोणीतरी खुसकन हसलं. एक म्हातारी बाई म्हणाली, पोरगी बरोबर बोलून राह्यली, कानात गेल्याशिवाय नाव लागत नाही. दुसरी म्हणाली, पण बकरीला तर लागलं ना. मग त्यांच्यात तेच सुरू झालं, नाव कानात गेल्यावर लागतं की टरफलं दिल्यावर. विमल आत्या मधोमध उभी होती. एकोणीस नावं कानात सांगितलेली बाई. कानाची किंमत काही नाही असं तिला म्हणता येईना, आणि माझं बरोबर आहे असं म्हणवेना.

भीमसिंगकाका टोपी हातात घेऊन पुढे आले. ते अगदी खरं खरं बोलत होते, थट्टा नव्हती. "विमलबाई, मंग आमच्या बकरीलेच दुसरं नाव द्या ना. धोळी तं ते विसरली. तुमचा हात चांगला आहे म्हणतेत सगळे. तुम्ही ठेवसाल तं टिकन."

आत्याने बकरीकडे पाहिलं. बकरीनेही आयचं देठ चघळत तिच्याकडे पाहिलं. मला वाटतं, आत्याला त्या क्षणी कोणी नाही म्हणणारं समोर दिसलं नाही.

"डोळे चांगले आहेत हिचे," ती शेवटी म्हणाली.

नंतर कळलं की तिच्या पिशवीत जे नाव होतं ते सुलोचना. एकोणीसपैकी अकरा लेकरांना तिने आधी सुलोचनाच सुचवलं होतं, आणि अकराही वेळा कोणीतरी शेवटच्या क्षणी जुनं वाटते म्हणून मोडता घातला होता. मी पण सुलोचनाच व्हायची होते, आईने आडवं लावलं. हे मला माहीतच नव्हतं. इतकी वर्षं ती एक नाव घेऊन एसटीनं फिरत होती.

आत्याने पदर खोचला, बकरीचा कान धरला आणि वाकली. बायांना काय, अशी संधी कधी मिळते? सगळ्या जणी तिच्या पाठीवर तुटून पडल्या. मी चार मारले, मोजून. कुर्रर्र झालं. आत्याने ताठ उभं राहून नाव सांगितलं, आणि खरं सांगते, ते वेशीवर ऐकू गेलं असेल. काकूंनी बकरीला कुंकू लावलं. ते बकरीने डोकं झटकून राजदीपच्या पांढऱ्या शर्टावर उडवलं.

त्या गर्दीत मी पाटीजवळ गेले आणि टीच्या पुढचा एच उपटून सुलोचनाच्या तोंडापुढे धरला. तिने नाही म्हटलं नाही. राजदीप ओरडत आला, मग थांबला, उरलेली अक्षरं बोटावर मोजली. नऊ होती. तो फोनमध्ये काहीतरी पाहत राहिला आणि म्हणाला, नऊही चालते. जन्मदाखल्यावर तेच गेलं.

वहिनी मात्र माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तू मले आदल्या दिवशी सांगितलं असतं तं मी नाव बदललं असतं. म्हणून नाही सांगितलं ना?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "बरं झालं नाही सांगितलं. पण आता त्या बकरीचं नवं नाव पक्कं करून दे मले. माह्या लेकीच्या हाकेवर कोणी दुसरं आलेलं चालणार नाही."

तर विमल आत्या आठ दिवस राहिली. रोज संध्याकाळी आम्ही दोघी स्लॅबवर. ती हाक द्यायची आणि टरफलं मी टाकायचे. तिसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, तू गळ्यातून ओरडते, म्हणून तुही हाक फाटते, पाय जमिनीत रोव आणि मंग सोड. मी म्हटलं, मी तालुक्यात पहिली आहे. ती म्हणाली, तालुका लहान आहे. पण पाय रोवल्यावर हाक खरंच जास्त लांब गेली, हे मी तिला सांगितलं नाही.

आठव्या दिवशी परीक्षा. आत्याने सुलोचना म्हटलं, बकरी आली. मग आत्या बाजूला झाली आणि मला म्हणाली, आता तुहं घे. मी पाय रोवले आणि हाक दिली. बकरीने कान हलवला, एवढाच, आणि खाली मान घालून खात राहिली.

पण खालचं दार धाडकन उघडलं. वहिनी अंगणात आली, खांद्यावर बाळ, बाळाचं टोपडं एका डोळ्यावर. "आली पहा झंकृती," ती वर बघून म्हणाली. "आताच झोपली होती. बोल, काय काम होतं तिच्याशी?"

बाळ पण माझ्याकडेच बघत होतं, एका डोळ्याने. मला काहीच काम नव्हतं.

"काही नाही," मी म्हटलं. "पोचते काय ते पाहून राह्यली होती."

"पोचते," वहिनी म्हणाली. "आता खाली ये आणि झोपवून दे."